जित्या अंगावरचं कापड

जसोदाबाईनं आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारला. कापडाचं गाठोडं कुणी तिच्या ओट्यावर आणून ठेवलं, की ती आधी गाठ सोडत नसे. मशीनवरून मान वर करून विचारायची, "जित्ता मानूसनं शे ना?"

हो म्हटलं की गाठोडं उजव्या हाताला जायचं. त्यातून लेकरांची झबली, फ्रॉक, पोरांच्या चड्ड्या, बायकांचे परकर, गाऊन व्हायचे. नाही म्हटलं की डाव्या हाताला. गेलेल्या माणसाच्या कापडाची ती थैली शिवायची, गोधडी शिवायची, चुलीवरून भांडं उतरवायचं फडकं करायची, पण अंगात घालायचं काही शिवत नसे. लेकराचं तर नाहीच.

आमच्या रनाळ्यात नव्या बाळाच्या अंगाला पाचवीपर्यंत नवं कापड लावत नाहीत. पाचवीला पहिलं झबलं घालायचं ते म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या लुगड्याचं. ज्या माणसानं नातवंडं-पतवंडं पाहिली, त्यानं आपल्या हातानं अंगावरचं काढून दिलेलं. त्याचं आयुष्य लेकराला लागतं म्हणतात. लागतं की नाही ते देवाला ठाऊक, पण धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं लेकराला टोचत नाही, हे मी माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी पाहिलं आहे. जसोदाबाईच्या झबल्याला गुंडी नसायची, नुसते बंद. शिवण आत न ठेवता बाहेरच्या अंगाला काढायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, उलटं घातलंय.

हे सगळं ती तिच्या सासूकडून शिकली. सासूची दोन लेकरं लागोपाठ गेली होती. तिसऱ्याच्या वेळी ती पदर पसरून पाच घरी गेली, पाच म्हाताऱ्यांच्या अंगावरचं कापड मागून आणलं, त्याच्या तुकड्यांचं झबलं केलं आणि मुलाचं नाव भिकन ठेवलं. तो भिकन जगला. पुढे शिंपीकाम शिकला, बसस्टँडजवळ निंबाखाली मशीन टाकून बसला. जसोदाबाई त्याची बायको. तयार कपड्यांची दुकानं झाली तशी त्याच्याकडे पँट-शर्ट टाकणारी माणसं कमी झाली, मग तोही छातीच्या दुखण्यात गेला. मागे लेकरू नाही. जसोदाबाईनं मशीन ढकलत ढकलत घरी आणलं आणि नव्या कापडाचा नाद सोडून जुन्याला हात घातला.

घर म्हणजे आमच्याच खळ्याच्या कोपऱ्यावरची खोली. सासऱ्यांनी भिकनला राहायला दिली होती. कागद काही नाही, तोंडी. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात ही खोली आहे.

हातात कला होती हो. बापाची पँट गुडघ्यात गेली की मागच्या भागातून पोराची चड्डी काढायची, खिसे तेच ठेवून. शर्टाची कॉलर विरली की उलटून लावायची, आणखी दोन वर्षं निघायची. साडी उजेडासमोर धरून बघायची, बसायच्या जागी विरलेली असली की तेवढी बाजूला काढून पदराकडच्या कापडाचा फ्रॉक बेतायची. मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला जाणाऱ्या बायकांच्या साड्या तीन पाण्यांतून काढल्याशिवाय कात्री लावत नसे. "एक शिंक उनी ते लेकरू दिनभर रडी," म्हणायची. माझ्या रुचिकाला तिनं माझ्या लग्नातल्या शालूचा घागरा करून दिला होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी विचारलं, कुठून आणला. रुचिका म्हणाली, आईच्या पेटीतून.

आता ते वर्ष. कोरोनाच्या आदल्या वर्षी चैत्रात माझ्या सासूबाई गेल्या. तापीबाई नाव, गाव त्यांना मोठमाय म्हणायचं. नव्वदीच्या पुढच्या, पतवंडं मांडीवर खेळवलेल्या. झबल्यासाठी त्यांच्या लुगड्याला मागणी असायची. आमच्या भाऊबंदकीतल्या धनुबाई, मी त्यांना काकू म्हणते, त्यांच्या सुनेला, रंजिताला, तेव्हा सहावा महिना होता. रंजिताची आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. धनुकाकूंनी महिनाभर आधी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, "मोठमाय, आवंदा तुमनं लुगडं आमना नातूले." सासूबाई म्हणाल्या होत्या, "देसू ना माय. मी कथी पळी जाई ऱ्हायनू का."

आणि एका सकाळी चहा पिता पिता गेल्या. लुगडं काढून द्यायचं राहूनच गेलं.

आंघोळ घालायला मी होते, माझी नणंद बेबीबाई होती, धनुकाकू होत्या. अंगावरचं हिरव्या काठाचं लुगडं काढलं ते बेबीबाईनं माझ्या हातात दिलं. "वहिनी, टाकी दे हाई." ते मी टाकलं नाही. मऊ होतं, त्यांच्या अंगाचा वास होता. धुतलं आणि कोठीत ठेवलं. तेराव्यानंतर बाकीची चांगली लुगडी नणंदांनी वाटून नेली. राहिलं ते हेच एक.

आषाढात रंजिताला मुलगा झाला. दुसऱ्याच दिवशी धनुकाकू दारात. डोळे रडून रडून सुजलेले, पण हसत होत्या. "शीला, मोठमायनी काढी ठेयेल व्हतं ना वं लुगडं?"

मी म्हटलं, "हा काकू, ठेयेल शे."

इतकं सोपं होतं ते. नाही म्हणायला जीभ वळली नाही. त्यांना तेवढी आशा, आणि आमच्या घरून लुगडं गेलं नाही असं म्हणायला नको, हेही मनात होतंच. मी लुगडं काढून काकूंना दाखवलं आणि स्वतः जसोदाबाईकडे घेऊन गेले. त्या दिवशी एकादशी होती, माझा जप अर्धा झालेला, माळ हातातच होती. तिनं मशीन थांबवलं.

"मोठमायनं ना हाई? जित्ता आंगवरनं शे ना, वहिनी? तेस्नी सोता काढी दिधं?"

"हा," मी म्हटलं. "पाडवाना आधीच काढी दिधं व्हतं."

तिनं गाठोडं उजवीकडे ठेवलं.

मी रोज वही लिहिते. तिथी, उपास, पोथीचा कितवा अध्याय, कोण आलं, कोण गेलं. त्या दिवसाचं पान मी नंतर कितीदा तरी काढून पाहिलं. लिहिलंय, "एकादशी. भगर, दाण्याची आमटी. धनुकाकूंना लुगडं दिलं." बस्स.

पाचवीला बाळानं झबलं घातलं. सातव्या-आठव्या दिवशी पोर पिवळं दिसायला लागलं. नंदुरबारला नेलं, चार दिवस दिव्याखाली ठेवलं, बरं झालं. डॉक्टर म्हणाले, निम्म्या लेकरांना होते ही कावीळ. घरी आलं, अंग धरायला लागलं, बारशाला नाव भाग्येश ठेवलं. त्या चार दिवसांत मी पोथीची दोन पारायणं केली. कुणासाठी केली ते मलाच माहीत.

मग श्रावण आला. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. धनुकाकूंकडे कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसवली होती, सगळी भाऊबंदकी रोटाला, तिच्या प्रसादाच्या जेवणाला, जमलेली. बेबीबाई शहाद्याहून भावाला भेटायला आली होती, तीही दर्शनाला आली. जसोदाबाई दाराशी बसून बायकांना पत्रावळी देत होती. रंजितानं बाळ आणून बेबीबाईच्या मांडीवर दिलं. अंगात तेच झबलं.

बेबीबाईनं बाळाकडे पाहिलंच नाही. बाहीवरच्या हिरव्या काठावरून बोट फिरवलं. ते लुगडं तिनंच आईला सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलं होतं.

"हाई ते मायनं लुगडं शे," ती म्हणाली. "माय गयी तवय आंगवर हाईच व्हतं. मी सोता काढं."

कानबाईची गाणी म्हणत होत्या त्या बायका गप्प झाल्या. एकदम नाही, एकेक करून. रंजितानं बाळ ओढून घेतलं आणि तिथेच बंद सोडायला लागली. घाईत एक बंद तुटला. नागडं पोर गार फरशीवर रडायला लागलं.

"म्हनीसन कावीळ व्हयनी व्हती," मागून कुणीतरी म्हणालं.

धनुकाकू जसोदाबाईकडे वळल्या. "जसोदा, तू ते सारा गावले इचारस. आठे कशी इचारी नही?"

"इचारं व्हतं," जसोदाबाई म्हणाली. हातात पत्रावळी तशीच. "शीलावहिनीले इचारं व्हतं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. समोर कानबाई बसवलेली, दिवा लावलेला. मी म्हटलं, "मी ते गोधडीसाठे दिधं व्हतं."

जसोदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. उजेडासमोर साडी धरून कुठं विरली आहे ते बघायची ना, तसं पाहिलं. मग म्हणाली, "मंग मन्ही चूक व्हयनी व्हई. दोन गठोडा मिसळाई गयात."

एवढं बोलून तिनं उरलेल्या पत्रावळी शेजारणीच्या हातात दिल्या आणि उठून गेली. रोट न घेता.

झबलं दुसऱ्या दिवशी धनुकाकूंनी तापीत सोडायला पाठवलं. त्यानंतर जसोदाबाईच्या उजव्या हाताची जागा रिकामी झाली. कुणी भांडलं नाही तिच्याशी, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं कुणी आलं नाही. ज्या बाईची गाठोडी मिसळतात तिच्याकडे लेकराचं कापड कोण देणार. आधी झबली बंद झाली, मग फ्रॉक, मग मोठ्यांचंही. "माले वाटनं, मी कोना मुडदानं घाली ऱ्हायनू का काय," असं एक जण गाऊन परत करताना म्हणाली, तिच्या तोंडावर. जसोदाबाईनं गाऊन घेतला आणि घडी घातली.

गावातली लेकरं बाजारातून आणलेली झबली घालायला लागली. मानेला लेबल टोचतं, घामोळं येतं, पण नवं असतं, कुणाचं नसतं.

पुढच्या वर्षी कोरोना आला. तेव्हा मात्र सगळी तिच्या दारात. जुन्या सुती कापडाचे मास्क तिनं शेकड्यांनी शिवले. डावीकडचंच कापड होतं सगळं, तिच्याकडे दुसरं आलंच नव्हतं. ते लोकांनी तोंडाला बांधलं, लेकरांच्या तोंडाला बांधलं. तेव्हा कुणी विचारलं नाही कापड कुणाचं. ती वेळ सरली, पुन्हा थैल्या.

मी काय केलं? उपास वाढवले. सोळा सोमवार झाले, गुरुवार झाले. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला, तिच्याकडे ताट पाठवायला लागले. आधी ती भांडं कधी रिकामं परत करत नसे, चार लिंबं, मूठभर तीळ, काहीतरी घालायची. आता भांडं लखलखीत घासून यायचं, आत काही नाही. एकदा न राहवून मी स्वतः गेले. म्हटलं, "जसोदाबाई, त्या दिन तू बोली का नही?"

ती गोधडीला टाके घालत होती. "कानबाई समोर, एवढी बायासमा तुमले खोटं पाडती, ते संध्याकाळले मी कथी जाती? हाऊ ओटा कोना शे?"

"आमी तुले काढतूत का?"

"नही काढतात," ती म्हणाली. "पन ते माले तवय माहीत नव्हतं."

मी घरी आले, दिवा लावला.

यंदा माझ्या रुचिकाला दिवस गेले. ती सुरतेला असते, सातव्यात माहेरी आली. लहानपणापासून जसोदाबाईच्या ओट्यावर खेळलेली पोर. आल्या आल्या म्हणाली, "माय, मन्हा बाळनं झबलं जसोदामावशीच शिवी हं. मन्ही सासू दुकानना कपडा लयी ऱ्हायनी, मी सांगी दिधं, पहिलं आमना गावनं."

मीही आता म्हातारीत जमा. माझी एक पांढरी सुती साडी, दहा-अकरा वर्षं अंगावर वापरलेली. सकाळी अंघोळ करून ती नेसले, पूजा केली, मग सोडून घडी घातली. जिवंत माणसाच्या अंगावरची, ऊबसुद्धा गेली नव्हती. ती घेऊन ओट्यावर गेले. मनात ठरवलं होतं, ती विचारेल तेव्हा या वेळी खरं उत्तर देईन. खरं द्यायला मिळणार म्हणून मला बरंसुद्धा वाटत होतं, काय सांगू.

म्हटलं, "जसोदाबाई, रुचिकाना बाळले झबलं."

तिनं घडी घेतली. हातानं चाचपली, उजेडासमोर धरली. विचारलं काहीच नाही. "मन्हीच शे," मी म्हटलं. "आतेच सोडी."

"बरं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला म्हणून गेले. तिनं माझ्या हातात थैली दिली. पांढऱ्या सुती कापडाची, दोन पदरी, काठ वरच्या बाजूला घेतलेला, तोंडाला झबल्यासारखे बंद. इतकी सुबक थैली गावात कुणाकडे नसेल.

"हाई काय?" मी म्हटलं.

"थैली."

"मी झबलं सांगं व्हतं ना वं."

"लेकरूनं शिवानं ते माले इचारनं पडस," ती म्हणाली. "तुमले इचारीसन काय फायदा, वहिनी?"

मी तिथेच बसले. ओट्याचा दगड तापलेला होता. म्हटलं, "मी काय करू मंग?"

"धनुबाईले सांगा. मंग दुसरी साडी लयी या. मी इचारसू, तुमी सांगा, मी शिवसू."

मी तशीच उठले आणि धनुकाकूंकडे गेले. घरी जाऊन देवापुढे बसले असते तर पुन्हा हिंमत झाली नसती. काकू ओसरीत लसूण सोलत होत्या. भाग्येश आता पहिलीत जातो, दप्तर टाकून बाहेर पळाला. दणकट पोर आहे. मी काकूंना सगळं सांगितलं. कोठीत ठेवलेलं लुगडं, एकादशी, माळ, "पाडव्याच्या आधी" म्हटलं ते, कानबाईसमोर म्हटलं ते.

काकू सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "माले माहीत शे ना वं."

"काय माहीत शे?"

"मोठमायले आंघोळ घालाले मी तठेच व्हती ना. तू लुगडं आनं तवयच काठ वळखा मी. म्हनं ऱ्हाऊ दे, मोठमायनंच ते शे, एवढी मोठी बाई. मन्हा जीव अडकेल व्हता पोऱ्यामा." त्यांनी सालं सुपात झटकली. "बेबी बोली गयी मंग काय करती? मी म्हनती माहीत व्हतं, ते सून माले घरमा ऱ्हाऊ देती का? आनि तू आमनी भाऊबंद. तुले कशी बोलती? जसोदानी सोता म्हनं, मन्ही चूक. मिटनं ते."

"काकू, तिनं काम गयं."

"मंग आते काय, गावमा दवंडी देऊ? पोऱ्या चांगला शे, देव पावना. उकरू नको." आणि आत हाक मारली, "रंजिता, शीलाकाकूले चहा ठेव वं."

मी चहा घेतला. घेतला, खोटं कशाला लिहू.

परत येताना जसोदाबाई ओट्यावरच होती. मशीनवर हात ठेवून माझ्याकडेच बघत होती, मी रस्त्याच्या वळणावर दिसले तेव्हापासून.

"सांगं?"

"सांगं."

"काय म्हनी ती?"

हा तिचा प्रश्न मला झेपला नाही. सात वर्षं ती समजत होती की गावाला खरं माहीत नाही म्हणून तिच्या उजव्या हाताची जागा रिकामी आहे. धनुकाकूंनी माहीत असूनही ती रिकामी राहू दिली, हे मी तिला कसं सांगू? आणि न सांगू तरी कसं? मी म्हटलं, "रडनी. म्हनी, जसोदावर अन्याव व्हयना."

जसोदाबाईनं माझ्याकडे तसंच पाहिलं, कानबाईच्या दिवशी पाहिलं होतं तसं. मग माझ्या काखेतली थैली ओढून नीट केली, एक बंद बाहेर लोंबत होता तो आत खोचला.

"जा वहिनी," म्हणाली. "रुचिकाले सांगा, मावशीले आते बारीक शिवन दिसत नही."

मी रुचिकाला तेच सांगितलं. ती दोन दिवस रुसली. गेल्या आठवड्यात तिला मुलगी झाली. पाचवीला सासरहून आलेलं गुलाबी झबलं घातलं. मानेला लाल झालंय, खोबरेल लावतेय.

थैली देवघरातल्या खुंटीला आहे. पोथी तिच्यात ठेवते. आज एकादशी. सकाळी पोथी काढताना बंदाची गाठ सुटेना, माझ्याच हातून घट्ट बसली आहे. मग थैलीसकटच पाटावर ठेवली आणि पाठ होतं तेवढं म्हटलं.